पांढरीवरचा पाळणा

प्रिय रणधीर,

आज 'अहो'ला सुट्टी. तू समोर असलास की जिभेवर आपोआप 'अहो' येतं, आणि फोनवर तर आपण दोघंही पाण्याची मोटर, गॅसची टाकी आणि आपल्या अमरसिंहचं लग्न यांच्यापलीकडे जात नाही. लग्नाआधी तू मला माहेरी, भूमच्या पत्त्यावर पत्रं पाठवायचास, तेव्हा मीही 'तू' होते आणि तूही 'तू' होतास. त्याच हक्कानं लिहायला बसले आहे. शाळा सध्या सकाळची आहे, त्यामुळे दुपार माझी असते. आत्याबाई ओसरीवर हरभऱ्याचे घाटे सोलत बसल्यात आणि मघापासून विचारतायत, "कुणाला एवढं लिवतीस गं?" तुमच्या लेकाला म्हटलं, तर म्हणाल्या, "मग त्येला आधी लिव, पथ्यपाणी नीट कर म्हणावं. नांदेडात कोण हाय त्येला बघायला?" लिहिलं बघ. छातीत जाळी बसवून महिना झाला नाही तोवर कविसंमेलनाला हो म्हणू नकोस. टाळ्यांनी रक्तदाब उतरत नाही.

तुला एक मागायचं आहे. पण ते एकदम मागता येत नाही, म्हणून आधी गावाची खबर देते.

आपल्या पांढरीवर खणायला लोक आलेत. मोठ्या शहरातल्या कुठल्याशा संस्थेचे आहेत, पौषातच आले. तू दवाखान्यात होतास तेव्हा हे सांगायचं राहून गेलं, असं मी म्हणणार होते, पण ते खरं नाही. मुद्दाम सांगितलं नाही. ओढ्याकाठचं ते टेकाड आता पार बदललंय. वर दोऱ्या ताणून चौकोन आखलेत, खुंट्या ठोकल्यात, एका बाजूला चाळण्या टांगल्यात. गावातली वीसेक माणसं कामाला आहेत. पहिल्या आठवड्यात सोनं निघणार म्हणून तालुक्याला, वाशीपर्यंत बोभाटा झाला होता. मग खापरं निघाली, अजून खापरं निघाली, आणि लोक आपापल्या ज्वारीच्या काढणीला लागले.

खणणाऱ्यांत राजनंदिनी नावाची एक मुलगी आहे, तुळजापूरची. आपल्या वरच्या खोलीत राहते. मला काकू म्हणते, आत्याबाईंच्या हातची शेंगाचटणी भाकरीबरोबर अशी खाते की आत्याबाईंनी तिला नातसून करायचं मनात घेतलंय. ती नुसत्या बोटांनी मातीचा फरक सांगते. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं की इथले लोक टेकाडाला 'पांढर' का म्हणतात. मी तुझंच उत्तर दिलं. जिथं नांगर चालला ती माती काळी राहिली आणि जिथं माणसं राहिली ती पांढरी झाली. चुलींची राख, पडलेल्या भिंती, जनावरांचं शेण, सगळं शतकानुशतकं एकमेकांत मुरलं आणि पांढरं झालं. तू मला हे लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सांगितलं होतंस. त्या वेळी आपलं घर माळवदाचं होतं, आणि मृगाच्या आधी गावातलं प्रत्येक घर पांढरीची माती आणून माळवदावर घालायचं, कारण ती माती पाणी झिरपू देत नाही. मग मोठी सर आली की माळवदाच्या पन्हाळीतून अंगणात कधी खापराचा तुकडा पडायचा, कधी शंखाच्या बांगडीचा, कधी लाल मणी. मला असा एक मणी सापडला तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "मेल्या माणसाचा आसंल, टाक तो." तू तो उचललास, धुतलास आणि म्हणालास, हा मणी कुणीतरी आरशाशिवाय गळ्यात बांधला असेल आणि कुणालातरी विचारलं असेल, दिसतो का बरा? त्या वाक्यावर मी तुझ्या प्रेमात पुन्हा एकदा पडले. लग्न झालेलं होतं, त्यामुळे पडून जायचं कुठं हा प्रश्न नव्हता.

राजनंदिनीला तुझ्या कविता पाठ आहेत. मातीवर लिहिणारा तो कवी खरंच तुमचा नवरा का, असं तिनं मला विचारलं. म्हटलं, सुट्ट्यांमध्ये असतो. ती हसली. मग म्हणाली, त्यांच्या कवितेत सगळं गाव आहे, जनावरं आहेत, मेलेली माणसं आहेत, झाडं आहेत. मी मान डोलावली. तिच्या यादीत काय नाही ते मला माहीत होतं. तुझ्या एकाही कवितेत ती नाही, रणधीर. मी प्रत्येक पुस्तक आलं की आधी तेच बघते. कडेनं, आडून, दुसऱ्या कुणाच्या नावानं तरी आली असेल म्हणून बघते. तुझी कविता वाचून लोक रडतात, मी तिला शोधून थकते.

हे लिहिताना हात थांबला होता. आत्याबाईंनी घाटे नेऊन ठेवले, पाणी प्यायल्या, परत आल्या. आता लिहिते.

मला दिवस गेले होते तेव्हा तू पाळणा रचला होतास, आठवतं? पुरुषानं पाळणा रचायचा म्हणून आत्याबाई तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. बारशाला बायका म्हणतात तसा, एकेका दिवसाचं एकेक कडवं, बाराव्या दिवसापर्यंत. तू दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायचास आणि संध्याकाळी मला वाचून दाखवायचास, आणि मी तुझी यमकं सुधारायचे. शेवटच्या कडव्यात नावाची जागा मोकळी ठेवली होतीस, कारण नाव आत्या म्हणून नंदाआक्कानं कानात सांगायचं होतं. मुलगीच होणार हे तू कशावरून धरलं होतंस कोण जाणे, पण पाळण्यात पहिल्यापासून 'बाळी' होती.

पहिल्या दिवशी उजाडलं दारी,
चिमणी आली ग माळवदावरी,
चोचीत तिच्या कापसाची दोरी,
बाळीचं अंथरूण शिवा ग सारी,
जो बाळा जो जो रे जो

बारसं झालं नाही. सटवाईची पूजा झाली आणि त्यानंतर दोनच दिवसांनी ती गेली. दूध ओढायची थांबली, एवढंच मला कळलं. दात न आलेल्या लेकराला आपल्याकडं जाळत नाहीत. तू, तुझे वडील आणि बब्रुवानमामा तिला पांढऱ्या फडक्यात घेऊन गेलात. मी खोलीतल्या बाजेवर होते. खाली शेगडी होती, खिडकीला गोधडी लावली होती. तुम्ही कुठल्या बाजूला गेलात तेसुद्धा मला दिसलं नाही. तुम्ही परत आल्यावर मी आत्याबाईंना विचारलं, कुठं ठेवली? त्या माझ्या उशाशी बसून रडत होत्या, तशाच म्हणाल्या, "इचारू न्हाय माय. बाळंतिणीला जागा सांगत नस्त्यात. जागा कळली की आईचा जीव तितंच घोटाळतो, मग पुढचं लेकरू पोटाला येत न्हाय." त्यांनाही कुणी सांगितली नव्हती. त्यांचीही दोन गेली होती, आणि त्यांनाही ठाऊक नाही कुठं. हे त्यांनी मला कितीतरी वर्षांनी सांगितलं, भाकरी थापता थापता.

तू आत आलास आणि माझा हात धरलास. तुझ्या नखांत पांढरी माती होती. तू तो दिनदर्शिकेचा कागद भिंतीवरून काढलास, फाडलास आणि शेगडीत टाकलास. तुला वाटलं असेल, पाळणा संपला. पण यमकं मी सुधारली होती, मला सगळा पाठ होता.

ती नखांतली माती मी धरून बसले. काळी नाही, पांढरी, म्हणजे शेतात नाही, पांढरीवरच. सव्वा महिना झाल्यावर मी पहिल्यांदा पाणी आणायच्या निमित्तानं ओढ्याकडं गेले तर टेकाडावरच्या लिंबाखाली जमीन उकरून परत लोटल्यासारखी दिसली. ताजी, फुगलेली. मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. घागर तिथंच ठेवली आणि लिंबाला टेकून बसले. मग दरवर्षी जात राहिले. अमरसिंह झाल्यावरही. येळवसेला, मार्गशीर्षातल्या अमावस्येला, सगळं गाव शेतात जायचं, कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडायचे, आंबील आणि भज्जी खायची. मी आंबिलीचा छोटा गडू पदराखाली घेऊन वाटेत पांढरीवर वळायचे, लिंबाच्या बुंध्याशी थोडी ओतायचे आणि तुझा पाळणा म्हणायचे. हळू नाही, चांगला मोकळ्या गळ्यानं. लोकांना वाटायचं मास्तरीणबाईला गाण्याचा नाद आहे. तुला मी कधी सांगितलं नाही, कारण तू विसरायचा एवढा प्रयत्न करत होतास की त्यात माझा पाय नको म्हणून मी बाजूला उभी राहिले. आणि मला वाटायचं, तुला माहीत आहे ते मलाही माहीत आहे. न बोलता आपलं दोघांचं एक ठिकाण आहे. त्या एका गोष्टीवर मी तुझं नांदेडला राहणं, सुट्टीपुरतं येणं, सगळं निभावून नेलं.

माघात एके सकाळी मी चहा घेऊन टेकाडावर गेले तर राजनंदिनी लिंबाभोवती दोरी ताणत होती. किटली माझ्या हातातून सुटली. तिला वाटलं मला चक्कर आली. तिनं मला सावलीत बसवलं आणि मी तिला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी तोंडानं सांगितलं, की इथं माझी मुलगी आहे. त्या पोरीनं तिथली खुंटी उपटली आणि म्हणाली, काकू, चौकोन दुसरीकडे घेते. तू असतास तर काय म्हणाला असतास मला माहीत नाही. मी म्हटलं, नको, खण. पण तू स्वतः खण आणि हळू खण, मी काठावर बसते. मी बाळीला आठ दिवस पाहिलं होतं, रणधीर, आणि पुढं सगळं आयुष्य नुसत्या मातीकडं बघत होते. मला एकदा बघायचं होतं.

तिनं खुरप्यानं, मग ब्रशनं माती काढली. माझ्या शाळेतून आठवडाभराची रजा काढून मी काठावर बसले. ती फुगलेली जागा मला तळहातासारखी पाठ होती, बरोबर तिथं एक खड्डा निघाला. खांद्याइतका खोल. मी काठावरून पुढं वाकले. खड्ड्याच्या तळाशी गुटख्याची पुडी निघाली, तुटलेल्या टोपलीचा काठ निघाला, आणि काही नाही. राजनंदिनीनं तळाची माती दोनदा चाळली. मग माझ्याजवळ येऊन बसली. चाळणीवरच्या मथुराबाईंनी खाली वाकून बघितलं आणि सहज म्हणाल्या, "ही तर माळवदाला माती काढल्याली जागा हाय की. आमीच नेली आसंल." एवढंच. त्या उन्हाळ्यात कुणीतरी छपरासाठी माती नेली होती आणि खड्ड्यात कुणाचं जनावर पडू नये म्हणून वरचा कचरा लोटून दिला होता. मी त्या खड्ड्याशी बसून वर्षानुवर्षं गात होते. मला हसू आलं. खरंच आलं, मोठ्यानं आलं, आणि मग राजनंदिनीनं मला धरलं.

मी दुसऱ्या दिवशी गेले नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच बोलावणं पाठवलं. खड्ड्याच्याही खाली, हातभर, एका घराची जमीन लागली होती. शेणामातीनं सारवलेली, गुळगुळीत. एका कोपऱ्यात चुलीची राख. आणि चुलीपासून दीड-दोन हातांवर, सारवणाच्या खाली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी निजवलेली. एका मडक्याला तडा गेला होता, त्यातून तिनं मला बघू दिलं. आत काय होतं ते सगळं तुला लिहून सांगत नाही. कवडीएवढी, शेंगेएवढी हाडं होती, आणि गळ्याशी ओळीनं लाल मणी. दोरा कधीच कुजलेला, तरी मणी ओळ सोडायला तयार नव्हते. राजनंदिनी म्हणाली, तीन हजार वर्षं तरी झाली असतील, तपासल्यावर नक्की कळेल. म्हणाली, त्या काळी आपल्या भागात तान्ही लेकरं अशीच ठेवायचे, घरातच, पायाखालच्या जमिनीत. आणि तिनं बाहीनं डोळे पुसले, इतकी शिकलेली पोर. मथुराबाई चाळणी सोडून आल्या, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाल्या, "चुलीम्होरं निजवलंय बघा बाई. थंडी वाजू ने म्हणून. लांब न्हाय दिऊ वाटलं आईला."  दुपारची जेवणाची वेळ टळली तरी कुणी उठलं नाही.

तुझं सातवं कडवं आठव. मला तिथं उभ्या उभ्या आठवलं.

सातव्या दिवशी कुंभार आला,
घेऊन इवल्या घागरी दोन,
एकीत ओता कोमट पाणी,
एकीत ठेवा कोवळं ऊन,
जो बाळा जो जो रे जो

तुला हे कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. तू नुसतं यमक जुळवत होतास. आणि मी ते बरोबर त्या दोन घागरींच्या वर बसून दर वर्षी म्हणत होते, एका परक्या लेकराला, एका परक्या बाईच्या चुलीपुढं. आधी मला फसल्यासारखं वाटलं. मग त्या बाईचा विचार करत राहिले. तिनं जमीन पुन्हा सारवली असेल, स्वतःच्या हातानं. त्याच जागेवर बसून भाकरी केली असेल, दुसरं लेकरू झालं असेल तर त्याला तिथंच पाजलं असेल. रोज त्या कोपऱ्यावरून हात फिरवला असेल. ती काय गायची ते आता कुणालाही सापडणार नाही, राजनंदिनीलाही नाही. पण गायली असेलच. मला तिचा राग येत नाही, हेवा वाटतो. तिला जागा माहीत होती.

आता तुला खरं कारण सांगते. तुला आत नेलं त्या दिवशी मी नांदेडच्या दवाखान्याच्या बाकावर बसले होते. तू वाचावास म्हणून सगळ्या देवांची नावं घेतली, तुळजाभवानीला ओटी बोलले. पण त्या सगळ्याच्या खाली एक विचार होता आणि तो मला लपवता येत नाही. तुझे वडील गेले, बब्रुवानमामा गेल्या वर्षी गेले, आता ती जागा ठाऊक असलेला तू एकटाच. तू गेलास तर ती दुसऱ्यांदा जाईल. पहिल्यांदा गेली तेव्हा मला निदान लिंब होता. आता त्या लिंबाचाही आधार नाही. तुझ्या नखांतली माती तेवढी होती, आणि तीही कदाचित सकाळी माळवदावर काम करताना लागलेली असेल. ओढ्याकाठी आहे का, शेताच्या बांधाला आहे का, आपल्या परसातच आहे का आणि मी रोज तिच्यावरून धुण्याचं पाणी फेकते आहे का, मला काही काही माहीत नाही. त्या दुसऱ्या लेकराला दोन आयांचे पाळणे मिळाले रणधीर, आणि आपल्या बाळीला एकही नाही. म्हणून हे पत्र. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं की पहिल्या गाडीनं ये. कविता नको, समजावणं नको, तिथं काही खणायचंही नाही. जागा सांगू नये असं आत्याबाई म्हणायच्या ते वय माझं आता सरलं, आणि त्यांना मी विचारलं, तर म्हणाल्या, "मलाबी घिऊन चला." तू नुसता पुढं चाल. आम्ही दोघी मागून येतो. जिथं असेल तिथं थांब आणि बोटानं दाखव, एवढंच. आत्याबाई खाली बसतील, मी गाईन, आणि तुला नाही ऐकवलं तर तू बांधापर्यंत जाऊन उभा राहा, पण आधी जागा दाखव.

तुझीच,
शिवकन्या